चेहऱ्याची नस आणि कॉक्लियर इम्प्लांट : शस्त्रक्रियेआधी स्कॅन कशासाठी?

बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि आंतरकर्ण हे कानाचे तीन भाग आपण शिकलो. आज त्या आकृतीत सहसा न दाखवलेली एक गोष्ट पाहू. आपला चेहरा हलवणारी नस कानाच्या हाडातूनच जाते!

१) कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे काय?
श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण कॉक्लियातल्या केसपेशीच निकामी असतील तर मोठ्या आवाजाचाही फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी कॉक्लियात इलेक्ट्रोडची बारीक तार बसवतात. ती विजेचे संकेत थेट श्रवणचेतेला देते.

२) नस कुठून जाते?
मेंदूतून 12 जोड्या चेता निघतात. सातवी चेहऱ्याची, आठवी ऐकण्याची व तोल सांभाळण्याची. दोघी शेजारणीच म्हणा ना! हाडातल्या एकाच बोगद्यातून त्या आत शिरतात. पुढे सातवी चेता सुमारे 3 सेंटिमीटर लांबीच्या, दोन वळणे असलेल्या अरुंद नळीतून जाते आणि कानाखाली बाहेर पडते. 16व्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ फॅलोपिओ यांच्यावरून या नळीला फॅलोपिअन नलिका म्हणतात. डोळा मिटणे, हसणे, ओठ आवळणे ही कामे याच नसेची.

३) धोका कुठे आहे?
इम्प्लांटसाठी कानामागचे हाड ड्रिलने कोरतात. मध्यकर्णात जायची वाट म्हणजे काही मिलिमीटर रुंदीची त्रिकोणी जागा. तिच्या एका बाजूला चेहऱ्याची नस, दुसऱ्या बाजूला चवीची बारीक नस. मधून तार न्यायची. आता बघा, नस नेहमीच्या जागी नसेल तर काय होईल? तिला इजा झाली तर चेहऱ्याची ती बाजू लुळी पडू शकते.

नसेत आढळणारे वेगळेपण असे :
• नस नेहमीपेक्षा पुढे सरकलेली असणे
• नस दुभंगून दोन फाटे होणे
• नसेवरचे हाडाचे आवरण काही ठिकाणी नसणे

ज्या मुलांच्या आंतरकर्णाची घडणच जन्मतः वेगळी असते, त्यांच्यात अशी शक्यता वाढते. शिवाय सर्जन आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या खुणेवरून नस ओळखतात. ती नलिकाच नसेल तर खूण हरवते.

४) सीटी आणि एमआरआय, दोन्ही का?
सीटी स्कॅनमध्ये हाड स्पष्ट दिसते. म्हणून नसेची नळी कुठून वळते, कॉक्लियाचा आकार कसा आहे, हे कळते. एमआरआयमध्ये प्रत्यक्ष चेता दिसतात. बोगद्याच्या आडव्या छेदात चार चेता दिसायला हव्यात : पुढे वर चेहऱ्याची, पुढे खाली ऐकण्याची आणि मागे तोल सांभाळणाऱ्या दोन. ऐकण्याची चेताच नसेल किंवा फार बारीक असेल, तर इम्प्लांटचा फायदा मर्यादित राहू शकतो. हे आधीच कळलेले बरे.

एमआरआयला वेळ लागतो आणि अजिबात हलायचे नसते, म्हणून लहान मुलांना बहुधा झोपेचे औषध किंवा भूल देतात. स्कॅनमध्ये वेगळेपण दिसले म्हणजे शस्त्रक्रिया रद्दच, असे मात्र नाही. सर्जन वाट बदलतात आणि शस्त्रक्रिया चालू असताना नसेवर लक्ष ठेवणारे मॉनिटर लावतात.

५) आपल्या गावातून पुढे कुठे?
2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्यांच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाही आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांटसाठी मदत मिळते. तिचे काम मुंबईची अली यावर जंग संस्था पाहते. जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी वयाची अट साधारण 5 वर्षांपर्यंत आहे, कारण भाषा शिकण्याचा काळ थांबत नाही. "मोठा झाल्यावर बोलेल" म्हणत बसू नये.

तळेगावातून वर्धा काय, नागपूर-अमरावती काय, स्कॅनसाठी एक खेप जास्त होते, खर्च होतो, हे खरे. पण ऐकू यावे म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेत लेकराचे हसू जाऊ नये, यासाठीच ती खेप आहे. पालकांनी डॉक्टरांना सरळ विचारावे : "चेहऱ्याची नस नेहमीच्या जागी आहे का? ऐकण्याची नस दिसते का?"

सराव प्रश्न
1. सातव्या चेतेची तीन कामे लिहा.
2. हाड पाहण्यासाठी कोणता स्कॅन, चेता पाहण्यासाठी कोणता? कारण द्या.
3. अर्धवर्तुळाकार नलिका नसल्यास सर्जनची अडचण का वाढते?