कृश देहास बळ: वजन वाढविण्याचा योग्य मार्ग

अलीकडे आरोग्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात लठ्ठपणाचीच चर्चा अधिक असते. ती अनाठायी आहे असे नाही; परंतु रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या डॉक्टरांसमोर नित्य येणारे चित्र याहून वेगळे आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष कृश, म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाचे आहेत. अशा व्यक्तीच्या जखमा भरून येण्यास वेळ लागतो, शस्त्रक्रियेनंतर ती लवकर सावरत नाही, गर्भवती असल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा संभव असतो आणि क्षयरोगासारखे आजार तिला सहज गाठतात. म्हणूनच वजन वाढविणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसून उपचाराचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो. रुग्णांच्या कुटुंबीयांस उपयोगी पडावी, या हेतूने त्याविषयीची माहिती येथे देत आहोत.

कृशता कशी ओळखावी?

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास बीएमआय म्हणतात. प्रौढ व्यक्तीत तो १८.५ पेक्षा कमी असल्यास कृशता समजावी. १६ च्या खाली गेल्यास ती तीव्र समजली जाते. उदाहरणार्थ, १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ३८ किलो असेल, तर तिचा बीएमआय सुमारे १६.९ येतो. १८.५ ची पातळी गाठण्यासाठी तिचे वजन ४१.६ किलो व्हावयास हवे. म्हणजे तिला साडेतीन किलोंपेक्षा थोडे अधिक वजन वाढवावयाचे आहे. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वाढीचा योग्य वेग होय. त्या हिशेबाने तिला दोन ते साडेतीन महिने लागतील. हा हिशेब आरंभीच मांडला, म्हणजे पंधरवड्यात निराश होऊन प्रयत्न सोडून देण्याची वेळ येत नाही.

आधी कारण शोधावे

काही माणसे जन्मतः सडपातळ बांध्याची असतात. त्यांचे वजन वर्षानुवर्षे स्थिर असते, अंगात उत्साह असतो; त्यांनी विशेष चिंता करू नये. मात्र कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर आहार वाढविण्यापूर्वी तपासणी करणे अगत्याचे आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला व संध्याकाळचा ताप क्षयरोगाची शंका उत्पन्न करतो. भूक चांगली असूनही वजन उतरणे, छातीत धडधडणे व हात कापणे ही थायरॉईड ग्रंथीच्या अतिक्रियेची लक्षणे असू शकतात. फार तहान व वारंवार लघवी होत असल्यास मधुमेह तपासावा. तो केवळ स्थूल माणसांनाच होतो हा समज चुकीचा आहे. जंत, जुनाट जुलाब, पडलेले दात, मनाची उदासीनता आणि काही औषधे हीदेखील नित्याची कारणे होत. मूळ दुखणे तसेच राहिले, तर कितीही खाल्ले तरी ते अंगी लागत नाही.

वजन वाढवावे, पण कोणते?

या प्रश्नाचे उत्तर देणारे महत्त्वाचे संशोधन आपल्या पुण्यातच झाले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांमध्ये गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बाळे लहान तर होतीच. परंतु त्यांच्या अंगी स्नायू विशेष कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून असल्याचे दिसून आले. वरून कृश, आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे प्रौढपणी मधुमेहास पोषक ठरते. याच अभ्यासात असेही आढळले, की ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. काट्यावरील आकडा कसाही वाढविणे हे आपले उद्दिष्ट नव्हे. मिठाई, तळलेले पदार्थ आणि बाटलीबंद शीतपेये यांनी वजन वाढते खरे, पण ते बहुतांशी पोटावरील चरबीच्या रूपाने. आपणांस हवे आहेत स्नायू व बळकट हाडे. त्यासाठी पुरेशी ऊर्जा, पुरेशी प्रथिने आणि व्यायाम या तिन्हींची एकत्र गरज असते.

आहार कसा असावा?

नेहमीच्या आहारात दररोज ३०० ते ५०० उष्मांकांची भर घातल्यास वजन हळूहळू वाढू लागते. कृश माणसास एका वेळी फार जेववत नाही. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि जेवणापूर्वी पाणी वा चहा पिऊन भूक मारू नये. ही भर घालण्यास महागड्या वस्तू लागत नाहीत. मूठभर, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून १७० उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यासोबत गुळाचा लहानसा खडा, दिवसातून एक पेला दूध आणि भातावर वा भाकरीवर दोन लहान चमचे तूप किंवा तेल घेतले, तर एकूण ४०० उष्मांकांहून अधिक भर पडते. अंडी चालत असतील तर एका उकडलेल्या अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात.

निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. आजारातून उठलेल्या कृश व्यक्तीस साधारण १ ते १.२ ग्रॅम द्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन हे घटकद्रव्य कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळींत जे मिथिओनिन कमी पडते, ते धान्यांतून मिळते. वरणभात, भाकरी-पिठले, उसळ-पोळी, भाजणीचे थालीपीठ या आपल्या घरच्या जोड्या म्हणूनच शास्त्रशुद्ध आहेत. त्यांतील डाळीचा वाटा मात्र वाढवावयास हवा. पातळ वरणाच्या पाण्याने तो भरून निघत नाही. मधल्या वेळी फुटाणे, तिळाचा वा डिंकाचा लाडू, नाचणीची दूध घालून केलेली खीर, केळे, दही असे पदार्थ द्यावेत. मांसाहारी कुटुंबांत मासे व सुकी मासळी हा प्रथिनांचा उत्तम साठा होय.

एक इशारा येथे देणे आवश्यक आहे. बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या रुग्णास एकाएकी भरपेट खाऊ घालू नये. त्याच्या रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम आदी क्षारांचे प्रमाण झपाट्याने घसरून हृदयास धोका पोहोचू शकतो. अशा रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच वाढवावा.

व्यायाम

‘आधीच अंगात काही नाही, त्यात व्यायाम कशाला?’ असे नातेवाईक पुष्कळदा विचारतात. स्नायूंवर भार पडला, तरच खाल्लेल्या प्रथिनांतून ते घडतात. नुसत्या विश्रांतीने ते झिजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे यांपासून आरंभ करावा. ताकद येईल तसे बैठका, जमिनीवरील जोर व सूर्यनमस्कार यांकडे वळावे. एक दिवसाआड वीस ते तीस मिनिटे पुरेशी होतात. ताप असताना, धाप लागत असताना वा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय व्यायाम करू नये.

काय टाळावे?

महिनाभरात अंग भरण्याची हमी देणाऱ्या गोळ्या व चूर्णे यांपासून दूर राहावे. अशा काही औषधांत स्टेरॉईडची भेसळ असते. त्यांनी चेहरा सुजून गोल दिसतो, वजन वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात व रोगप्रतिकारशक्ती खालावते. अशी औषधे पुष्कळ दिवस घेतली असल्यास ती परस्पर एकदम बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांना सर्व सांगून त्यांच्या सल्ल्याने थांबवावीत. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरक चूर्णे घेणे टाळावे असे म्हटले आहे. तंबाखू व मिश्रीने भूक मंदावते, तीही सोडावी.

अन्न हेही औषधच

आहाराने किती फरक पडतो, याचा भक्कम पुरावा झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आला. क्षयरोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा धान्य, डाळ व जीवनसत्त्वे पुरविली असता त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. केंद्र शासनाच्या निक्षय पोषण योजनेखाली क्षयरोग्यांना २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. पात्र रुग्णांनी हा लाभ अवश्य घ्यावा.

शेवटी एक विनंती कुटुंबीयांस. अनेक घरांत स्त्रिया सर्वांच्या मागून जेवतात आणि उरलेसुरलेच त्यांच्या वाट्यास येते. रुग्ण स्त्रीस आम्ही आहाराचा कागद लिहून देतो. परंतु तिचे ताट वाढले जाते स्वयंपाकघरात. दूध, डाळ, अंडे यांतील तिचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा, दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर तिचे वजन करावे आणि त्याची नोंद ठेवून ती तपासणीच्या वेळी आणावी. आमच्या देणगीदारांनीही हे ध्यानी घ्यावे, की त्यांच्या साह्यातून गरीब रुग्णाच्या घरी पोहोचणारी धान्याची पिशवी ही औषधाच्या बाटलीइतकीच मोलाची आहे.