एका खराब जॉइंटची गोष्ट

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण गोष्ट आपल्या सर्वांच्या कामाची आहे.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर एक गोल बोगदा आहे. परिघ २७ किलोमीटर. त्यात सर्न या संस्थेचं 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' हे यंत्र आहे. प्रोटॉन विरुद्ध दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवायचे, एकमेकांवर आदळवायचे आणि त्या टकरीतून कोणते कण निघतात ते पाहायचं, हे त्याचं काम.

प्रोटॉनला गोल वळवायला प्रचंड ताकदीचे चुंबक लागतात. असे मुख्य चुंबक १२३२ आहेत, प्रत्येक १५ मीटर लांब. ते ज्या जॅकवर अचूक बसवलेत, ते आपल्या भारतातून, इंदूरच्या संशोधन केंद्रामार्फत गेलेत, बरं का! चुंबकांच्या तारा नायोबियम-टायटॅनियमच्या. हेलियमने त्या उणे २७१ अंशांपर्यंत थंड केल्या, की त्यांचा रेझिस्टन्स शून्य होतो. यालाच सुपरकंडक्टिव्हिटी म्हणतात.

पण एका चुंबकाची तार पुढच्या चुंबकाला जोडायची कशी? तर सोल्डर करून! असे दहा हजारांहून जास्त जॉइंट तिथे आहेत.

१० सप्टेंबर २००८ ला यंत्र सुरू झालं. जगभर बातम्या आल्या. नऊच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, एका भागातल्या चुंबकांची चाचणी चालू असताना करंट ८७०० अँपियरपर्यंत गेला आणि एक जॉइंट गेला.

आता गणित करून बघू. चांगल्या जॉइंटचा रेझिस्टन्स एका नॅनो-ओहमपेक्षाही कमी असतो. या जॉइंटचा होता सुमारे २२० नॅनो-ओहम. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे उष्णता साधारण १७ वॅट. आपल्या रूममधल्या सीएफएलएवढी! पण उणे २७१ अंशांत एवढी उष्णताही फार झाली. तारेची सुपरकंडक्टिव्हिटी गेली, जॉइंट तुटला, ठिणगीचा झोत पेटला आणि हेलियमच्या आवरणाला भोक पडलं. हेलियम एकदम प्रसरण पावला आणि त्या दाबाने अवजड चुंबक जागेवरून सरकले. सुमारे ६ टन हेलियम गेला. बोगद्यात कोणी नव्हतं म्हणून जीवितहानी टळली. ५३ चुंबक वर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नंतर जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा लक्षात आलं की अपघाताच्या काही दिवस आधी, कमी करंटवरच, तिथे थोडी जास्त उष्णता दिसत होती. म्हणजे रीडिंग होतं, पण त्याच्याकडे बघायचं कोणाला सुचलं नाही.

हे वाचलं आणि मला माझं सेकंड इयरचं जर्नल आठवलं. एक रीडिंग ग्राफवर बसत नव्हतं. मी काय केलं? मैत्रिणीचं बघून ते 'बसवलं'. मार्क मिळाले. मीटर खराब होता, वायर सैल होती की आणखी काही होतं, ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. हॉस्टेलवर रात्री बारा वाजता आपण सगळेच हे करतो ना? सर, मॅडम, वाचत असाल तर माफ करा.

सर्नच्या लोकांनी मात्र चूक लपवली नाही. कारण शोधलं, जाहीर केलं, प्रत्येक जॉइंटवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवली. जोखीम नको म्हणून ठरवलेल्या ऊर्जेच्या जवळपास निम्म्यावरच यंत्र चालवलं. तरीही ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं! मग २०१३ ते २०१५ मध्ये यंत्र थांबवून ते दहा हजार जॉइंट पक्के केले आणि मगच ऊर्जा वाढवली.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग लाइनवर बसलं नाही, तर रबर उचलू नका. तसंच लिहा आणि सरांना विचारा. कदाचित तो खराब जॉइंट असेल.