पोरगी पास झाली, आता कागदांचं बघा

बारावीचा निकाल लागला की घाटावर काय अन् घाटाखाली काय, घरोघरी एकच बोलणं सुरू होतं : आता पुढं कुठं घालायचं? चिखलीला, खामगावला, की थेट अमरावतीला? मार्कांवर बोलणं होतं, खोलीभाड्यावर होतं, सोबत गावातलं कोण आहे यावर होतं. कागदांवर मात्र होत नाही. ते आठवतात प्रवेशाच्या रांगेत उभं राहिल्यावर. मग माझ्या टेबलासमोर एखादी माय पदर सावरत म्हणते, "मॅडम, आमच्यापाशी कायचे कागद?"

महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हे वाक्य मी फार ऐकते. आज त्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. तांड्यावरच्या, पारधी बेड्यावरच्या, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या आईबापांशी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघणाऱ्यांशी. आणि ज्या घरातला कर्ता माणूस फास लावून किंवा औषध पिऊन निघून गेला, त्या घरातल्या बायांशी तर मुद्दाम.

आधी एक सांगते. कागद नसणं हा तुमचा गुन्हा नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो देशभर लागू केला आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली कुठं तो रद्द झाला. ज्या आज्याला जन्मतःच चोर ठरवलं होतं, त्यानं आपण होऊन सरकारी कचेरीत जाऊन नाव लिहून घ्यावं, पोराला शाळेत घालावं, ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. नोंद म्हणजे पोलिसांची हजेरी, एवढंच त्याला ठाऊक होतं. आता त्याच्याच नातवाला आपण विचारतो, आज्याचा पुरावा आण. हे उफराटं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियम बदलेपर्यंत पोरांचं वय थांबत नाही, म्हणून आज जो नियम आहे त्यातून वाट काढायची.

नियम काय मागतो? जात प्रमाणपत्रासाठी त्या-त्या प्रवर्गाची एक जुनी तारीख धरतात. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधी तुमचं घराणं आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं आणि त्याची जात अमुक होती, हे दिसलं पाहिजे. म्हणजे पोरीचा किंवा तुमचा दाखला पुरत नाही. आज्या-पणज्यापर्यंत जावं लागतं. इथंच लोक हात टेकतात. आज्या अंगठेबहाद्दर, त्याचा दाखला कुठून येणार?

आज्याचा नसेल. पण आज्याच्या भावाचा असेल, आणि मुख्य म्हणजे बहिणीचा असेल. आत्या, चुलतआत्या यांना आपण हिशेबातच धरत नाही. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आडनाव बदललं, म्हणून ती जणू घराण्यातूनच वजा झाली. कागदाच्या दृष्टीनं तसं नाही. तिच्या माहेरच्या नावानं, बापाच्या नावानं शाळेत झालेली नोंद ही वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली नोंद आहे. दोन इयत्ता शिकून शाळा सोडलेली असली तरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तिचं नाव, जात आणि दाखल झाल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांकडे अर्ज करून त्या पानाचा उतारा मागता येतो. एखाद्या म्हाताऱ्या आत्याला "तू लहानपणी कोणत्या शाळेत गेली होतीस?" एवढं विचारल्यावर कागदाचा माग लागला, असं मी पाहिलं आहे. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की आपल्याकडच्या बहुतेक घरांचा कागद असतो. तो आपल्या घरात नसतो, एवढंच.

शाळेत नाही सापडला तर तहसिलीत बघा. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, गाव नमुना चौदा, जुने हक्कनोंदणीचे कागद तिथल्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर असे बस्ते उघडले गेले, मोडी वाचणारे शोधून आणले गेले आणि लाखो नोंदी निघाल्या. त्याच बस्त्यांत इतर जातींची माणसंही जन्मली आणि मेली आहेत. अर्ज द्या, पोच घ्या. "सापडत नाही" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा.

जुन्या कागदावर "मध्यप्रदेश" लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. १९५६ पर्यंत आपला बुलढाणा जिल्हा त्या राज्यातच होता, राजधानी नागपूर होती. अख्खा वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला. एवढा इतिहास खिडकीपलीकडच्या माणसाला माहीत असेलच असं नाही. तुम्ही नम्रपणे सांगा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या काही कुटुंबांची गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे. ज्यांचे वडीलधारे आपल्या प्रवर्गाच्या तारखेनंतर मध्यप्रदेशातल्या निमाडातून डोंगर उतरून इकडं आले, त्यांचा जातीचा हक्क कायद्यानं मूळ राज्यात धरला जातो. पोरगं इथं जन्मलं, इथं मराठीत शिकलं, तरी. अशा घरांना खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. त्यांनी जातीच्या सवलतीच्या मागं दोन वर्षं घालवण्यापेक्षा महाराष्ट्राचा अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला काढून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीकडे बघावं. खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतलेल्यांसाठी ती उत्पन्नावर चालते, मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. तिकडं अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०११ साली कायदे केले आणि लहानपणी आईबापांबरोबर विनापरवाना आलेल्या पोरांनाही कॉलेजसाठी राज्याची मदत खुली केली. तिथं बघतात ते हे की पोरगं त्या राज्याच्या शाळेत किती वर्षं शिकलं. आपली पोरं तर या देशाचीच आहेत. असो.

आता ज्या घरात बाप नाही, तिथलं बोलू. पुरावा वडिलांकडचा लागतो आणि वडिलांकडच्या लोकांशी बोलणं बंद असतं. धुऱ्यावरून भांडण, नाहीतर नवरा गेल्यावर जमिनीच्या हिश्श्यावरून. चुलत्याच्या पोराजवळ जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र असतं, पण तो झेरॉक्स देत नाही. हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी चिडते. भाऊबंदांनो, तुमच्या वैधतेची प्रत दिल्यानं तुमचं काही जात नाही, जमिनीवरचा हक्कही सांगितला जात नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असली की पुढच्या पोराची चौकशी फार सोपी होते. मेलेल्या भावाच्या लेकराला एवढं तरी द्या. आणि ताई, तुम्हाला सांगते : तो देतच नसेल तर रडत बसू नका. त्याचं प्रकरण ज्या समितीनं केलं तिच्या दप्तरात ते आहे. नातं दाखवणारी वंशावळ शपथेवर लिहून द्या, त्याचं नाव आणि माहीत असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक अर्जात नमूद करा आणि समितीला तुमची अडचण लेखी कळवा. पोरं तुम्ही एकटीनं माहेरात, माहेरच्या जातीत वाढवली असतील आणि लग्न आंतरजातीय असेल, तर आईच्या जातीचा विचार होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं आहे. मात्र पोरं खरोखर त्या समाजात वाढली हे दाखवावं लागतं.

आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी शाळेत गेलं नाही, गावोगाव फिरण्यात जन्म गेला? त्यांच्यासाठी गृहचौकशीची वाट शासनानंच ठेवली आहे. अधिकारी वस्तीवर येऊन नातेवाइकांचे, जातीतल्या जाणत्या माणसांचे, गावकऱ्यांचे जबाब घेतात. बोली, कुळ, चालीरीती, सोयरिकी विचारतात. त्या दिवशी घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस हजर पाहिजे. आणि अर्जात जातीचं नाव नेमकं लिहा. फासेपारधी, टाकणकार हे अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत, तर राजपारधी विमुक्त जातीच्या यादीत. नुसतं "पारधी" सांगून मोकळे झालात आणि एका भावाच्या दाखल्यावर एक, दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसरं आलं, तर पुढं दोघांचीही प्रकरणं अडकतात.

या सगळ्या धावपळीत एक माणूस तुम्हाला हमखास भेटतो. कचेरीच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. "काका, तुम्ही कशाला हेलपाटे घालता, आठ दिवसांत करून देतो." त्याच्या नादी लागू नका. जात प्रमाणपत्राचा २००० चा कायदा कडक आहे : खोट्या दाखल्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही, घेतलेली सवलत वसूल, मिळालेली पदवीही रद्द. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यात दयामाया नाही असंच सांगितलं. दलाल तोवर दुसऱ्या टपरीवर गेलेला असतो. तो स्टॅम्पपेपरच्या नावानंही पैसे उकळतो. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि पुष्कळ ठिकाणी साध्या कागदावरची स्वयंघोषणा चालते. उत्पन्नाच्या दाखल्याला लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत बांधली आहे, पंधरा दिवसांची. मुदत टळली तर अपील करता येतं.

सगळ्यांनाच सगळे कागद लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. बी. ए., बी. कॉम. करणाऱ्याला शिष्यवृत्तीसाठी साधारणपणे सक्षम अधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्याकडे उपविभागीय अधिकाऱ्याचा, जातीचा दाखला पुरतो. फार्मसी, इंजिनिअरिंग, नर्सिंग, कृषी अशा ठिकाणी राखीव जागा हवी असेल तर वैधता लागते, आणि तिला वेळ लागतो. तिचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. तेव्हा करा.

त्याच्याही आधी, पोरगं आठवी-नववीत असताना शाळेत जाऊन रजिस्टर बघा. जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" आहे का, बापाचं नाव घरातल्या हाकेचं आहे का, आधारवर एक स्पेलिंग अन् शाळेत दुसरं आहे का. गुरुजींनी अंदाजानं टाकलेली १ जूनची जन्मतारीख तर आपल्याकडं घरटी एक सापडेल. शाळेत असेपर्यंत पुराव्यावर दुरुस्ती होते. शाळा सोडली की माध्यमिक शाळा संहितेचा नियम आडवा येतो आणि मग फार जड जातं.

आणखी एक बारीक वाटणारी गोष्ट. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अर्जाला ओटीपी लागतो. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल असतो बापाच्या खिशात, बाप असतो उसाच्या फडात. रेंज नाही, चार्जिंग नाही. पोरगी कॉम्प्युटर सेंटरवर बसून राहते. तेव्हा तोडीला निघण्याआधी पोरीचं आधार तिच्याच नंबरला जोडा, तिच्या नावचं बँक खातं काढा आणि ते आधारशी जोडलं गेलंय की नाही हे बँकेत विचारून घ्या. एकदा मिळाली म्हणून शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो.

एवढी दगदग कशासाठी? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. अनुसूचित जातीच्या पोरांना अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ती फीसह मिळते. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेत बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या गावी वर्षाला ४३ हजार रुपये धरले आहेत. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पैसे उशिरा येतात, खोटं बोलत नाही. कधी वर्ष संपत आल्यावर येतात. पहिल्या सहामाहीच्या खोलीभाड्याची सोय आपली आपण करून ठेवावी लागते.

शेवटी पोरांशी बोलण्याबद्दल. कागद नाही हे कळलं की पोरं घरी सांगत नाहीत. बापाला कमीपणा वाटेल म्हणून "मलाच शिकायचं नाही" म्हणतात आणि पुण्याला कंपनीत निघून जातात. पोरींचं तर लगेच लग्न ठरतं. पोरगं अचानक शिक्षण नको म्हणायला लागलं तर आधी त्याला विचारा, कोणता दाखला अडला? आणि तुम्हाला माहीत असलेलं सगळं सांगा : आज्याचं खरं नाव, तो कुठून आला, कोणत्या गावी किती वर्षं पाल होतं, आत्या कुठं दिली. हे तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. जमलं तर आजच एका वहीत लिहून काढा. लिहिता येत नसेल तर पोरीला लिहायला बसवा.

आणि आत्याच्या गावच्या शाळेत जायचं असेल तर एप्रिलमध्येच जाऊन या. मे महिन्यात कार्यालयाला कुलूप असतं.