अर्थशास्त्राच्या पदवीचा अर्ज : गावाकडच्या भावंडांसाठी थोडा अभ्यास

इंजिनिअरिंगच्या अंकात अर्थशास्त्राच्या प्रवेशाचा लेख कशाला, असे कोणाला वाटेल. पण होस्टेलवरच्या प्रत्येकाला गावाकडून एक फोन हमखास येतो. "दादा, बारावीनंतर काय करू?" धाकटी बहीण, चुलतभाऊ, शेजारच्यांचा मुलगा, कोणीतरी विचारतेच. आपण उत्तर देतो : सीईटी दे, नाहीतर बी.एस्सी. कर, नाहीतर डी.एड. कर. अर्थशास्त्राची चांगली पदवी हा सुद्धा एक मार्ग आहे आणि त्यासाठी स्पर्धा आहे, हे आपल्या ध्यानातच नसते. आपले स्टाफ मेंबर्स सुद्धा पालक आहेत, त्यांच्याही उपयोगाची ही माहिती आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. २०२५ साली सीयूईटी या केंद्रीय प्रवेश परीक्षेचे फॉर्म मार्च महिन्यात बंद झाले आणि आपल्या बोर्डाचा बारावीचा निकाल मे महिन्यात लागला. म्हणजे "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्याचे दार निकालाच्या आधीच बंद झालेले होते. मार्क कमी पडून नव्हे, तर माहिती उशिरा मिळून संधी जाते. आपल्याकडे हेच जास्त घडते.

१) आपला जिल्हा आणि अर्थशास्त्र

अर्थशास्त्र म्हणजे मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी बोलणाऱ्यांचा विषय, हा गैरसमज आधी काढून टाकू. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालव्याला पाणी आले आणि ऊस वाढला. या पाण्याने शेतकऱ्याचा नेमका किती फायदा झाला, याची पाहणी गाडगीळांनी केली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरचा तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

ते अहवाल लिहून थांबले नाहीत. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. पुढे हेच गाडगीळ केंद्रीय नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत कशी वाटायची याचे १९६९ चे सूत्र 'गाडगीळ सूत्र' म्हणूनच ओळखले जाते. म्हणजे अर्थशास्त्राचा एक मोठा धडा आपल्याच कालव्याच्या काठावर लिहिला गेला आहे.

२) गणित सोडले की दार बंद

आपल्याकडे समजूत अशी की अर्थशास्त्र आर्ट्सला असते, आणि आर्ट्सला जायचे ते गणितातून सुटण्यासाठी. स्पर्धेच्या पदव्यांना हे नेमके उलटे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला गणित सक्तीचे आहे. गणित नसेल तर बाकी विषयांत कितीही मार्क असोत, अर्जच चालत नाही.

असे का, ते एका छोट्या काल्पनिक उदाहरणातून बघू. समजा, संगमनेरजवळ एकाचा दह्याचा छोटा धंदा आहे. रोजचा ठरलेला खर्च १००० रुपये. शिवाय प्रत्येक किलोला १० रुपये, आणि माल वाढवावा तसा वाढत जाणारा आणखी एक खर्च, जो किलोच्या वर्गाच्या निम्मा आहे. दही ६० रुपये किलोने जाते. रोज किती किलो करावे?

आपण एम-वन, एम-टू केलेले लोक लगेच डेरिव्हेटिव्ह घेऊ. पुढच्या एका किलोचा खर्च = १० + किलो. हा खर्च ६० रुपयांना जिथे गाठतो तिथे थांबायचे, म्हणजे ५० किलोवर. ताळा करू. ५० किलोला विक्री ३००० आणि खर्च १००० + ५०० + १२५० = २७५०, नफा २५०. ४० किलोला नफा २००, आणि ६० किलोला सुद्धा २००! जास्त माल काढला म्हणजे जास्त नफा, हे खोटे ठरले. पदवीच्या पहिल्या वर्षी जे 'मार्जिनल कॉस्ट' म्हणून शिकवतात ते हेच. बारावीचे कॅल्क्युलस झालेले नसेल तर विद्यार्थी इथेच अडकतो.

तेव्हा धाकट्यांना हे दहावीनंतरच सांगा. आपल्या बोर्डात आर्ट्सच्या विद्यार्थ्यालाही गणित व संख्याशास्त्र घेता येते. 'कला आणि विज्ञान' या दोन्ही शाखांना तो एकच पेपर आहे. कॉमर्सला गणिताचा वेगळा पेपर आहे, पण तिथे बरीच मुले गणिताऐवजी एस.पी. घेतात. खरी अडचण अशी की पुष्कळ ज्युनिअर कॉलेजांत आर्ट्सला गणित शिकवायची सोयच नसते. विशेषतः मुलींना घराजवळचे कॉलेज घ्यावे लागते आणि तिथे जे असेल तेच विषय मिळतात. म्हणून अकरावीचा फॉर्म भरताना कॉलेजात जाऊन "आर्ट्सला गणित आहे का?" एवढा एक प्रश्न विचारा. नसेल तर सायन्स किंवा कॉमर्स-गणित हा मार्ग धरा. पुढचे तीन-चार वर्षांचे शिक्षण या एका प्रश्नावर ठरते.

३) प्रवेशाचे मार्ग

अ) सीयूईटी : दिल्ली विद्यापीठ २०२२ पासून बारावीच्या मार्कांवर नव्हे तर या परीक्षेवर पदवीचे प्रवेश देते. बंगळुरूचे डॉ. आंबेडकर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सुद्धा या परीक्षेतून प्रवेश देते.

ब) संस्थांच्या स्वतःच्या परीक्षा : पुण्यात गोखले संस्थेची बी.एस्सी. अर्थशास्त्र आहे. सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला 'सेट' ही परीक्षा लागते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची परीक्षा वेगळी. तिथे घरची परिस्थिती पाहून फी आणि राहण्याच्या खर्चात मदत मिळते, त्यामुळे नुसता फीचा आकडा पाहून मागे फिरू नये.

क) जेईई ॲडव्हान्स्ड : आयआयटी मुंबई आणि आयआयटी कानपूर येथे अर्थशास्त्राची चार वर्षांची बी.एस. पदवी आहे. जेईई करणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे याकडे लक्ष असते.

ड) परदेश : ब्रिटनमध्ये यूकास या एकाच पोर्टलवरून पाच ठिकाणी अर्ज करता येतो. केंब्रिज आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अर्थशास्त्रासाठी टीएमयूए नावाची गणिताची परीक्षाही घेतात. खर्च मात्र प्रचंड. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. तेव्हा पदवी इथे आणि परदेश नंतर, हा क्रम बहुतेकांना परवडणारा.

४) सीयूईटीचा हिशोब

दिल्लीच्या अर्थशास्त्र ऑनर्सला चार पेपर धरले जातात : एक भाषा, गणित आणि इतर कोणतेही दोन विषय. अट अशी की बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर द्यायचे. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अर्थशास्त्र हा विषय बारावीला असलाच पाहिजे असे नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सवाला सायन्सचा विद्यार्थी सुद्धा चालतो. दुसरी, भाषेच्या यादीत मराठी आहे. बारावीला मराठी असेल आणि इंग्रजी कच्चे असेल तर मराठीचा पेपर द्या. मात्र पुढे शिकवणे इंग्रजीतच असते, म्हणून ज्याला प्रवेश हवा त्याने रोज इंग्रजी पेपरातले एक अर्थविषयक पान वाचायची सवय लावावी.

२०२५ च्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक पेपरला ५० प्रश्न आणि ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ मार्क, चुकीला १ वजा. चार पेपरचे मिळून १०००. अंदाजाने उत्तर द्यावे की सोडावे? चार पर्यायांतून डोळे मिटून दहा प्रश्न टिपले तर सरासरी अडीच बरोबर येतील. म्हणजे साडेबारा मिळाले, साडेसात गेले, हाती राहिले ५. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळले तर त्याच दहा प्रश्नांतून सरासरी २० मिळतात. तेव्हा एखादा पर्याय जरी बाद करता आला तरी प्रश्न सोडू नये. हा सुद्धा संभाव्यतेचा म्हणजे अर्थशास्त्राचाच धडा आहे! नियम दरवर्षी बदलू शकतात, त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचूनच हिशोब मांडा.

अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या वळणाचा असतो. आपल्या बोर्डाची आणि एनसीईआरटीची गणिताची अनुक्रमणिका शेजारी ठेवून न जुळणाऱ्या प्रकरणांची यादी करा. आपल्या लायब्ररीत बसून हे काम एका रविवारी होते. भावंडासाठी एवढे करून दिलेत तरी पुष्कळ झाले.

५) पसंतीक्रम : आपल्याला माहीत असलेलेच

परीक्षेनंतर दिल्ली विद्यापीठाच्या सीएसएएस पोर्टलवर कॉलेज आणि कोर्सचा क्रम भरायचा असतो. आपल्या कॅप राउंडसारखेच हे काम. क्रम आपल्या आवडीप्रमाणे लावायचा, "आपल्याला काय मिळेल" या अंदाजाने नाही, कारण वरचा पर्याय हुकला तरच मशीन खालचा बघते. जास्तीत जास्त पर्याय भरा. आणि मिळालेली जागा मुदतीत स्वीकारली नाही तर पुढच्या राउंडमधून सुद्धा बाहेर! जागा स्वीकारून वरच्या पर्यायाची वाट पाहता येते. गावी रेंज नाही, फी भरायला कोणी नाही, असल्या कारणाने जागा जाऊ नये म्हणून त्या आठवड्यात होस्टेलवरच्या दादाने पोर्टलवर लक्ष ठेवावे.

६) दाखले : इथेच घात होतो

राज्याचा जातीचा दाखला केंद्रीय संस्थेत जसाच्या तसा चालत नाही. ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला, त्या आर्थिक वर्षातला नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. आपल्याकडचे धनगर (एनटी-सी) आणि वंजारी (एनटी-डी) समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात. तिथे 'एनटी' हा रकानाच नसतो. राज्याचा एसईबीसी प्रवर्ग राज्यापुरता आहे. आर्थिक दुर्बल घटकाच्या केंद्रीय दाखल्याला वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे, शिवाय कुटुंबाची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर तो मिळत नाही. तेव्हा सातबारा आधी बघा. सेतू केंद्रातला क्लार्क बहुतेक वेळा राज्याचा नमुना भरून देतो, म्हणून केंद्राचा छापील नमुना बरोबर न्या. हे काम एप्रिलमध्येच उरकावे. जूनमध्ये तिथे मोठी रांग असते.

७) स्वतःबद्दल लिहायची वेळ आली तर

काही ठिकाणी मुलाखत असते, काही ठिकाणी निवेदन लिहून द्यावे लागते. यूकासने २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनाचे तीन प्रश्न केले आहेत : हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. कुठल्याही मुलाखतीला हेच तीन प्रश्न घरी लिहून काढावेत.

उत्तरात "मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे" हे वाक्य नको. कांद्याचा भाव पडला तेव्हा घरात काय ठरले, चाळीत ठेवायचा की विकायचा, आणि का? दूध संघाचा दर फॅटवर का ठरतो? बचत गटातल्या बायका एकमेकींना कर्ज देतात ते बुडत का नाही? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलामुलींनी हे डोळ्यांनी पाहिलेले असते. पाहिले काय, प्रश्न काय पडला आणि आकडे काय जमवले, एवढे साध्या भाषेत लिहिले की पुरे.

शिफारसपत्राचे महत्त्व कळायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पुरेसे आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ साली एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ साली परत यावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाच्या प्रा. सेलिगमन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याबद्दल शिफारस लिहिली होती. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. अर्धवट राहिलेला प्रवेश त्यांनी तीन वर्षांनी पूर्ण केला. एक वर्ष हुकले म्हणून खचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

८) आणि आपण?

होस्टेलवर कोणाला सर्किटपेक्षा बजेटचे पान जास्त वाचावेसे वाटत असेल, तर त्याचेही दार उघडे आहे. बी.ई. झाल्यावर भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.एस. (क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स) आहे. आयआयटीच्या 'जॅम' परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्र किंवा त्याला जोडलेल्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. एम-थ्रीला घाम गाळलेला इथे वाया जात नाही.

शेवटी एक काम सांगतो. येत्या सुटीत घरी जाल तेव्हा दहावी-बारावीतल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला तीन गोष्टी सांगा : गणित सोडू नको, फॉर्म निकालाआधी भर, दाखला केंद्राचा काढ. लोणीच्या माळावर कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूला हिशोब जाणणारा एक माणूस होता. तसा हिशोब जाणणारी माणसे आता आपल्याच घरांतून निघायला हवीत. सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!