वय झालं, एवढ्यावर थांबू नका

"डॉक्टर, ह्यांचा हिशेब चुकायला लागलाय." काही वर्षांपूर्वी एका किराणा दुकानदाराच्या पत्नीने मला सांगितले. गृहस्थांचे वय बासष्ट. जन्मभर तोंडी हिशेब केलेला, पण आता चार जिनसांची बेरीज करायला वेळ लागे. मध्येच कोणी बोलले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चालही मंदावली होती. रक्तदाब १७०/१०० होता. 'बरं वाटतंय' म्हणून गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या. मी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणालो, "वहिनी, वय झालं की असं व्हायचंच." पुन्हा बोलावलेही नाही. आठ महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते वाक्य मी त्यानंतर कोणापुढे उच्चारलेले नाही.

वाचकहो, एखाद्याचे नाव पटकन न आठवणे आणि तासाभराने आठवणे, हे वयाबरोबर चालायचेच. पण स्मृतिभ्रंशाआधी जे बदल होतात ते वेगळे असतात आणि त्यांचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

पहिला रक्तवाहिन्यांचा. उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांमुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. यात सुरुवात विसरण्याने होईलच असे नाही. विचार मंदावतो, बेत आखता येत नाही, दोन कामे एकदम जमत नाहीत, उत्साह जातो. विसरलेली गोष्ट थोडी खूण सांगितली की बहुधा आठवते. आमच्या दुकानदारांचे नेमके हेच झाले होते.

दुसरा अल्झायमरचा. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. नवी आठवण साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला यात बहुधा आधी इजा होते. त्यामुळे आजींना १९६७ चा कोयनेचा भूकंप बारकाव्यांसह आठवतो, पण गेल्या आठवड्यात झालेले पुतण्याचे लग्न आठवत नाही. खूण सांगूनही उपयोग होत नाही. तोच प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारतात. घरचे मात्र "आजींची स्मरणशक्ती अजून तल्लख आहे" या समजुतीत राहतात. मेंदूतील बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेले असतात. उतारवयात अनेकांना हे दोन्ही प्रकार एकत्र असतात.

मग काय करावे?

१) रोजच्या व्यवहारात, म्हणजे पैसे, औषधे, स्वयंपाक किंवा ओळखीचा रस्ता यांत, नवा गोंधळ दिसला तर डॉक्टरांना दाखवा. घरातील माणसाने सोबत यावे. रुग्णाला स्वतःचा बदल अनेकदा जाणवत नाही.

२) घाबरून जाऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी लोकांत ती बरीच आढळते), थायरॉईडचा विकार, नैराश्य, ऐकू कमी येणे, झोपेच्या गोळ्या, डोक्याला लागलेला मार यांमुळेही असे होऊ शकते. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. सौम्य विसराळूपणा असलेल्या प्रत्येकाला पुढे स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. काहींची स्थिती तशीच राहते, तर काहींची सुधारते.

३) रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट होते त्यांच्यात बुद्धीची सौम्य घसरण कमी आढळली. मात्र कोणाचा रक्तदाब किती खाली आणायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. वृद्धांना चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

४) तंबाखू सोडा, रोज चाला, ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र लावा, चार माणसांत मिसळा.

झीज भरून काढणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून सुरुवातीचा काळच मोलाचा. तो बहुधा पहिल्यांदा कळतो तो घरातल्या माणसाला. दुकानदारांच्या पत्नीला तो कळला होता. ऐकायचा राहिलो तो मी.