नीट हुकली, लस बाकी आहे

नीटचा निकाल लागला की भंडारा, तुमसर, साकोलीत घरोघरी एकच घोर: पोरीला मेडिकल मिळालं नाही, आता बी.एस्सी. करून काय होणार? अशा पालकांनी घरातल्या लहानग्याचं लसीकरण कार्ड काढून बघावं. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने असे पीसीव्हीचे तीन डोस त्यावर दिसतील. न्यूमोकोकसच्या न्यूमोनियाविरुद्धची ही लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचा भारतीय प्रकार, न्यूमोसिल, डिसेंबर २०२० मध्ये आणला.

न्यूमोकोकस या जंतूभोवती साखरेच्या रेणूंचं कवच असतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला दाद देत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडावी लागते. जंतू वाढवणारा मायक्रोबायॉलॉजिस्ट, ही जोडणी करणारा केमिस्ट, बॅच तपासणारे क्वालिटी कंट्रोलवाले, चाचण्यांचे आकडे लावणारा संख्याशास्त्रज्ञ... एमबीबीएस यातल्या कुणालाच लागत नाही.

आणि काम संपलेलं नाही. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची फुप्फुसं धरणारा क्लेबसिएला हा जंतू आता कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांनाही जुमानत नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत तो अग्रभागी आहे आणि त्यावर वापरात असलेली लस नाही.

जंतू औषधाला जुमानतो की नाही, हे बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या प्रॅक्टिकललाच डोळ्यांनी दिसतं. जंतू पसरलेल्या प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या. औषध चाललं तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ रिंगण. नाही चाललं तर जंतू पार चकतीला खेटून. ते बघून ‘असं का?’ विचारणारीला या वाटेला लावा. ‘पेपरात किती मार्कांना?’ एवढंच विचारणारीला नको.

पैशाचं स्पष्ट बोलू. नुसत्या बी.एस्सी.वर बहुधा क्वालिटी कंट्रोलच्या शिफ्टपासून सुरुवात होते; पुण्यात खोलीभाडं जाऊन हाती फार उरत नाही. लस विकसित करायची तर एम.एस्सी. आणि बहुतेकदा पीएच.डी. हवी. एम.एस्सी.साठी गॅट-बी किंवा जॅमसारखी प्रवेश परीक्षा, पुढे नेट. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये. तोवर तिशी जवळ येते आणि ‘लग्नाचं काय?’ हे नातेवाईक विचारणारच. त्याचं उत्तर आईवडिलांनी तयार ठेवावं, पोरीवर सोपवू नये.

प्रवेशाआधी कॉलेजची लॅब बघून या. निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह चालू आहे का? मुली स्वतः प्लेट करतात, की एकाच टेबलाभोवती उभ्या राहून बघतात?