शाळेचा ताण आणि स्वमग्न मूल : पालक, शिक्षक व रुग्णालय

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडतात आणि पुढील तीन-चार आठवड्यांत आपल्या रुग्णालयाच्या बालरोग बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक तक्रार घेऊन मुले येऊ लागतात. सकाळी पोटात दुखते, गणवेश घालताना उलटी होते, रात्री झोप लागत नाही. ताप नसतो, तपासणीत दोष आढळत नाही आणि रविवारी मूल अगदी बरे असते. यांतील बहुतेक मुलांचा त्रास महिनाभरात निवळतो. ऑगस्ट उजाडला तरी जी येत राहतात, त्यांतील काहींना बालविकास विभागाकडे पाठविले जाते आणि त्यांपैकी काहींच्या बाबतीत स्वमग्नतेचे निदान प्रथमच होते. इतर काहींचे निदान पूर्वीच झालेले असते. त्यांचे पालक फार नेमकेपणाने विचारतात, "उपचार चालू आहेत, घरी तो ठीक असतो, शाळेचे काय करायचे तेवढे सांगा." प्रस्तुत लेख या प्रश्नापुरता मर्यादित आहे.

प्रथम निदानाविषयी थोडेसे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास करून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ती एक मोठी वर्णपंक्ती मानली जाते : तीत मुळीच न बोलणारे मूल आहे, तसेच सर्व विषयांत उत्तम गुण मिळवणारे, परंतु मधल्या सुट्टीत एकटेच भिंतीला टेकून उभे राहणारे मूलही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये साधारणतः दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मराठीत रूढ झालेला 'स्वमग्न' हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला माणसे नकोत, असा त्यातून समज होतो. प्रत्यक्षात या मुलांपैकी अनेकांना मित्र हवे असतात. मैत्रीचे अलिखित नियम त्यांना कोणी सांगितलेले नसतात आणि इतरांप्रमाणे ते पाहून उमगत नाहीत.

शाळा ही अशाच अलिखित नियमांची जागा आहे. पन्नास मुलांचा वर्ग, करकरणारे पंखे, परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज, मधल्या सुट्टीत एकाच वेळी उघडलेल्या डब्यांचे वास, पावसाळ्यात ओले मोजे आणि दमट रेनकोट. सामान्य मुलाचा मेंदू यांतील बहुतेक गोष्टी बाजूस सारतो. अनेक स्वमग्न मुलांच्या मेंदूस ती चाळण पुरेशी उपलब्ध नसते. सारे एकाच तीव्रतेने आत येते आणि त्यातूनच गुरुजींचा आवाज वेचून काढावा लागतो. त्यात बदल आले की भर पडते. बाई रजेवर गेल्या व दुसऱ्या बाई आल्या, खेळाचा तास रद्द झाला, स्नेहसंमेलनाच्या तालमींमुळे डिसेंबरभर वेळापत्रक विस्कटले, बाक बदलला. इतर मुलांसाठी यांतील निम्म्या गोष्टी आनंदाच्या असतात.

भाषेचा भाग वेगळाच. शिक्षकांची भाषा वाक्प्रचारांनी भरलेली असते. "तोंडाला कुलूप लावा" हे ऐकून कुलूप शोधणारे मूल हा विनोद नव्हे. चौथीतील एका मुलास वर्गशिक्षिका म्हणाल्या, "पुन्हा बोललास तर बाहेर उभा राहा." तो थोड्या वेळाने बोलला आणि शांतपणे उठून बाहेर जाऊन उभा राहिला. बाईंना तो उद्धटपणा वाटला. मुलाने सांगितले ते तंतोतंत केले होते. त्या दिवशी घरी गेलेल्या चिठ्ठीत "शिस्त नाही" असा शेरा होता.

याहून कठीण प्रकार दिसत नाही तो. काही मुले, आणि विशेषतः मुली, शाळेत सर्व बळ एकवटून इतरांसारखे वागतात. शेजारची मुलगी हसली की हसतात, न कळलेल्या गोष्टीवर मान डोलावतात, कानांवर हात न्यायची इच्छा दाबून धरतात. असे सहा तास काढून मूल घरी येते आणि दप्तर खाली ठेवताच कोसळते : रडणे, किंचाळणे, वस्तू फेकणे, स्वतःचा हात चावणे. आई शाळेत जाऊन सांगते, तेव्हा उत्तर मिळते, "इथे तर तो अगदी शहाणा असतो, तुमच्या घरीच काहीतरी असेल." हे उत्तर देणारे शिक्षक खोटे बोलत नसतात. त्यांनी पाहिले ते खरे असते आणि आईने पाहिले तेही खरे असते. मूल जेथे सुरक्षित वाटते तेथेच कोसळते, एवढी एक गोष्ट शाळेस समजावून देता आली तरी पुष्कळ कटुता टळते, असा आमच्या विभागाचा अनुभव आहे.

अशा कोसळण्यास हट्ट म्हणणे योग्य नव्हे. हट्ट करणारे मूल कोणी पाहते आहे का, यावर लक्ष ठेवते आणि हवी ती वस्तू मिळताच थांबते. येथे तसे होत नाही, कारण मागणीच नसते. सहनशक्ती संपलेली असते. अशा वेळी बोलणे कमी करावे, दिवे मंद करावेत, गर्दी हटवावी आणि वाट पाहावी. समजावणे, शिक्षा, आमिष यांतील काहीही त्या क्षणी पोहोचत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्वमग्न मुलामुलींपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना एखादा चिंताविकारही असल्याचे आढळले होते. म्हणून सतत शाळा टाळणाऱ्या मुलाची चिंताविकारासाठी स्वतंत्र तपासणी करणे आवश्यक असते. "स्वमग्न आहे, असे चालायचेच" हे पुरेसे उत्तर नाही.

पालकांचा ताण हा या विषयाचा निम्मा भाग आहे. आईला दोष देण्याची परंपरा जुनी आहे आणि तीत शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत मान्यता पावले होते. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तत्पूर्वीच, १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी ही अवस्था जैविक असल्याचे पुराव्यानिशी मांडले होते. आज ते जुने मत पूर्णतः त्याज्य ठरले आहे. आपल्याकडे ते वेगळ्या वेषात वावरते इतकेच. सून नोकरी करते म्हणून, घरात आजी-आजोबा नाहीत म्हणून, मोबाईल हाती दिला म्हणून. अशा वाक्यांना दररोज तोंड देणारी माता शाळेच्या दारात उभी राहते, तेव्हा ती आधीच थकलेली असते. मुलाला शाळेतून केव्हाही बोलावणे येईल म्हणून नोकरी सोडलेल्या माता आमच्या पालक-गटात आहेत. गटाच्या मासिक बैठकीस वडिलांनीही यावे, असा आग्रह विभाग धरतो, आणि शक्य तेथे आजीलाही बोलावतो. घरातील ज्येष्ठ स्त्रीची समजूत पटली की उरलेले घर वळते.

पालकांना प्रशिक्षण दिल्याने मुलास लाभ होतो, हे केवळ सदिच्छेचे विधान नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६५ मुले सहभागी होती आणि पालकांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. त्यांना या कामाचे शिक्षण देण्यात आले होते. पालकांची मुलास प्रतिसाद देण्याची पद्धत सुधारली आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. तज्ज्ञांची संख्या तोकडी असलेल्या आपल्या भागात या निष्कर्षाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. विभागात येणाऱ्या प्रत्येक पालकास प्रथम तीन आठवड्यांची नोंदवही ठेवण्यास सांगितले जाते : वार, शाळेतील तास, झोप, डब्यातील उरलेले अन्न, घरी आल्यानंतरची स्थिती. एका मुलाच्या वहीत मंगळवार व शुक्रवार सतत वाईट निघाले. त्या दोन दिवशी त्याचा वर्ग तळमजल्यावरील सभागृहात बसत असे आणि सभागृहाच्या भिंतीपलीकडे पाण्याची मोटार होती. मुलाला हे सांगता आले नव्हते आणि मोटारीचा आवाज इतर कोणाच्या लक्षातही आला नव्हता. जागा बदलून सर्वांत दूरच्या रांगेत दिल्यावर त्रास संपला नाही, मात्र तो शाळेत जाऊ लागला. कारण शोधण्यापूर्वी बक्षिसांचा तक्ता भिंतीवर लावणे म्हणजे काटा पायात ठेवून चालण्याची सवय लावणे होय.

दिवसाचे चित्रवेळापत्रक हे साधन स्वस्त व परिणामकारक आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ पासून विकसित झालेल्या 'टीच' पद्धतीत त्याला मध्यवर्ती स्थान आहे. पुठ्ठ्यावर तासांची चित्रे क्रमाने लावावीत, झालेले चित्र काढून घ्यावे आणि बदल होणार असल्यास आदल्या रात्रीच नवे चित्र लावावे. वाचता येणाऱ्या मुलास लिहिलेली यादी चालते. यासोबत वर्गात एक 'सुटका-पत्र' ठरवावे : मुलाने रंगीत कार्ड बाकावर ठेवले की त्याला न विचारता पाच मिनिटे ग्रंथालयात किंवा कार्यालयाशेजारी बसू द्यावे. सर्व मुले कार्ड मागतील, अशी भीती शिक्षक प्रथम व्यक्त करतात. मुख्याध्यापकांचे सहकार्य लाभले तेथे ती भीती खरी ठरलेली दिसली नाही.

शाळेस पत्र लिहावयाचे ते एका पानाचे असावे. निदानाचा इतिहास, तपासण्यांचे आकडे त्यात नकोत. साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकास तेवढा वेळ नसतो. मुलाला काय आवडते, काय सहन होत नाही, तो अस्वस्थ होऊ लागल्याची पहिली खूण कोणती आणि त्या वेळी नेमके काय करावे, एवढे चार मुद्दे पुरेत. नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी, शाळा रिकामी असताना, मुलास नवा वर्ग, स्वच्छतागृह व पाण्याची जागा दाखवून आणावी.

शाळेत जाणे पूर्ण थांबलेले असल्यास परतीचा मार्ग पायरीपायरीने आखावा लागतो : प्रथम फाटकापर्यंत, नंतर एक आवडता तास, नंतर मधल्या सुट्टीपर्यंत. "महिनाभर घरी राहू दे, बरे वाटेल" हा सल्ला मायेचा असला तरी त्याने बहुधा परत जाणे अधिक कठीण होते. याला एक अपवाद आहे. मुलाला कोणी छळत, चिडवत किंवा मारत असेल, तर ते थांबेपर्यंत त्याला परत पाठवू नये. स्वमग्न मुले अशा छळाची सहज शिकार होतात आणि अनेकदा तो छळ आहे हेही त्यांना कळत नाही.

कायद्याची बाजू पालकांनी माहीत करून घ्यावी. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. या कायद्यानुसार शासकीय वा शासनमान्य शाळांनी दिव्यांग मुलास भेदभावाविना प्रवेश देणे आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरविणे अपेक्षित आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि ते शासनाने प्राधिकृत केलेल्या रुग्णालयातूनच मिळते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस बाबी असून एकूण गुण सत्तर वा अधिक आल्यास स्वमग्नता मानली जाते. प्रमाणपत्र घेतल्याने मुलावर शिक्का बसेल, या भीतीने पालक दहावीपर्यंत थांबतात आणि मग परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. आमचा सल्ला आठवीपूर्वी ते घेऊन ठेवण्याचा आहे. ते कोणाला दाखवावे हे पालकांच्याच हाती राहते.

स्वमग्नता 'पूर्ण बरी' करून देण्याची हमी देणाऱ्यांविषयी एकच वाक्य : असा उपचार उपलब्ध नाही, आणि त्यापायी दागिने गहाण ठेवलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

विश्वस्त व देणगीदारांच्या माहितीसाठी विभागाच्या कामाचे स्वरूप नमूद करणे योग्य ठरेल. या विभागास मोठी यंत्रे लागत नाहीत. वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षिका व समुपदेशक यांचे तास लागतात. मुलास तपासण्याचे शुल्क आकारता येते, परंतु शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेबरोबर बसण्याचा अर्धा दिवस कोणत्याही पावतीवर येत नाही, आणि बहुतांश मुलांचा प्रश्न सुटतो तो त्या अर्ध्या दिवसात. आपल्या देणग्यांतून प्रामुख्याने या शाळाभेटींचा खर्च भागविला जातो. शाळाभेट हवी असलेल्या पालकांनी नोंदवही व शाळेचे संमतिपत्र घेऊन विभागात यावे. नव्या शैक्षणिक वर्षासाठीच्या भेटी एप्रिलमध्येच ठरविल्या जातात, जेणेकरून जूनमध्ये मूल वर्गात पाऊल टाकेल तेव्हा त्याचा बाक कोणत्या खिडकीजवळ आहे, हे त्याला आधीच माहीत असेल.